सवयीचे कान, शिकलेले डोळे

विलेपार्ल्याचा पार्ले बिस्किटांचा कारखाना २०१६ साली बंद झाला. १९२९ पासून तो तिथे उभा होता. अंधेरी आणि सांताक्रूझच्या मधून रोज लोकलने जाणाऱ्या कित्येक पिढ्यांना पार्लं आलं हे कळायला खिडकीबाहेर बघावं लागत नसे. भाजक्या पिठाचा आणि साखरेचा वास डब्यात शिरला, की उतरणारे उठून दाराकडे सरकत. नवख्या प्रवाशाच्या नाकातही तोच वास शिरत होता. पण त्याला फक्त काहीतरी गोडसर यायचं, स्टेशन यायचं नाही.

नाकाला जे मिळतं आणि माणसाला जे कळतं, त्यांच्यामध्ये त्या माणसाचं सगळं जगणं येऊन बसलेलं असतं. इथपर्यंत बहुतेकांचं एकमत आहे. वाद आहे तो ‘किती’ आणि ‘कुठे’ याचा. संस्कृती आणि अनुभव माणसाचं पाहणं-ऐकणंच बदलतात, की पाहिल्या-ऐकल्याचा फक्त अर्थ बदलतात? गेल्या सव्वाशे वर्षांत यावर पुष्कळ काम झालं. त्यातलं काही भारतात, काही थेट महाराष्ट्रात. ते एकत्र मांडायचं माझ्यापुरतं कारण स्पष्ट आहे. उपनगरांतली गर्दी, आवाज, कचरा, धूर यांचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, ‘लोकांना आता सवय झालीय.’ हे कधी कौतुकाने म्हटलं जातं, कधी दिलासा म्हणून, आणि बऱ्याचदा काम टाळायला. सवय झाली म्हणजे माणसात नेमकं काय बदलतं आणि काय बदलत नाही, हे आता बऱ्यापैकी कळलेलं आहे, आणि जे कळलं आहे ते या वाक्याच्या विरोधात जातं.

आपल्याकडे हा वाद फार जुना आहे. बौद्ध तार्किक दिङ्नागाने प्रत्यक्ष ज्ञान ‘कल्पनापोढ’ मानलं. नाव, जात, गुण यांची जोड लागण्याआधीचं निव्वळ दिसणं, तेच त्याच्या मते खरं प्रत्यक्ष. नैयायिकांनी दोन पायऱ्या धरल्या, आधी निर्विकल्पक, म्हणजे नावाविना, आणि मग सविकल्पक, म्हणजे नावासह, आणि दोन्हींना प्रत्यक्षच म्हटलं. भर्तृहरीची भूमिका तर अशी, की शब्दाचा स्पर्श न झालेलं ज्ञानच नसतं. आजच्या प्रयोगशाळांतले पक्षही साधारण याच तीन जागांवर उभे आहेत. फरक इतकाच, की आता मोजमाप हाताशी आहे.

हे मोजमाप समाजासमाजांत नेऊन करायला सुरुवात झाली १८९८ साली. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर केंब्रिज विद्यापीठाची एक मोहीम गेली. तिच्यात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे डॉक्टर होते. ‘रानटी’ माणसांचे डोळे-कान गोऱ्यांपेक्षा जन्मतःच तीक्ष्ण असतात, अशी तेव्हा युरोपात पक्की समजूत होती. रिव्हर्सनी तपासलं, तर डोळ्यांच्या मूळ ताकदीत म्हणावा असा फरक नव्हता. बेटावरचा माणूस दूरची होडी आधी ओळखायचा, कारण काय बघायचं हे त्याला आयुष्यभर बघून ठाऊक झालं होतं. या पहिल्याच निष्कर्षाला मी अजूनही सगळ्यांत जास्त मान देतो. पुढे रिव्हर्स १९०१-०२ मध्ये निलगिरीत आले आणि तोडा लोकांवर त्यांनी याच प्रकारच्या चाचण्या केल्या.

त्या चाचण्यांत एक प्रसिद्ध दृष्टिभ्रम होता. सारख्या लांबीच्या दोन रेघा. एकीच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर उघडलेले. आपल्यापैकी बहुतेकांना दुसरी रेघ लांब दिसते. टॉरेसचे लोक आणि तोडा या भ्रमाला युरोपियनांपेक्षा कमी फसत होते. १९६६ साली सेगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोव्हिट्स या तिघांनी अनेक समाजांतून गोळा केलेली माहिती पुस्तकरूपाने मांडली. अमेरिकेतल्या इव्हान्स्टन शहराचे लोक सर्वांत जास्त फसले, कलहारी वाळवंटातले सान लोक जवळजवळ फसलेच नाहीत. त्यावरून सिद्धान्त निघाला: काटकोनी खोल्या, सरळ रस्ते, चौकटी यांच्यात वाढलेला डोळा कोपऱ्यांवरून अंतर वाचायला शिकतो आणि म्हणून कागदावरच्या कोपऱ्यांना भुलतो.

हा सिद्धान्त पन्नास वर्षं पाठ्यपुस्तकांत गाजला, आणि त्याला सगळ्यांत मोठा धक्का भारतातून बसला. एमआयटीचे पवन सिन्हा यांनी सुरू केलेल्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’मध्ये जन्मापासून मोतीबिंदूमुळे अंध असलेल्या उत्तर भारतातल्या मुलांवर दिल्लीत शस्त्रक्रिया होतात. २०१५ साली या प्रकल्पाने जाहीर केलं, की आठ ते सोळा वर्षांच्या नऊ मुलांना दृष्टी मिळाल्या मिळाल्या हाच भ्रम दाखवला, तेव्हा ती मुलंही फसली. ज्यांनी आयुष्यात एकही कोपरा डोळ्यांनी पाहिला नव्हता, ती! म्हणजे भ्रमाचा निदान काही भाग तरी दृष्टीच्या मूळ घडणीतच आहे. गंमत अशी, की याच प्रकल्पाने २०११ साली दुसऱ्या बाजूचाही पुरावा दिला होता. हाताने चाचपून ओळखलेली वस्तू नुकती दृष्टी आलेल्या मुलांना डोळ्यांनी ओळखता येईना. मात्र थोड्याच दिवसांच्या अनुभवाने ती येऊ लागली. काही गोष्टी डोळा जन्मताच घेऊन येतो आणि काही त्याला जगूनच मिळवाव्या लागतात. कोणत्या कुठल्या, हे एकेक तपासूनच ठरवावं लागेल. ‘सगळं संस्कृतीच घडवते’ किंवा ‘सगळं मेंदूतच लिहिलेलं असतं’ अशी सरसकट विधानं करणाऱ्यांवर मला विश्वास ठेवता येत नाही, ते याच मुलांमुळे.

रंगांचा वाद याहून प्रसिद्ध आहे, पण त्यात हाती फार थोडं लागतं. रशियन भाषेत फिकट आणि गडद निळ्याला दोन वेगळी नावं आहेत. २००७ च्या एका प्रयोगात रशियन लोकांनी त्या सीमारेषेवरच्या छटा किंचित लवकर वेगळ्या केल्या, आणि मनातल्या मनात आकडे घोकायला लावल्यावर ती आघाडी नाहीशी झाली. भाषेची मदत होते. डोळा बदलत नाही.

कानाचं मात्र तसं नाही. इथला पुरावा भक्कम आहे, आणि तो आपल्या भाषांच्या आधारानेच उभा राहिला आहे. १९८४ साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या फारच थोड्यांना कळला. त्यांच्या इंग्रजी आईवडिलांना तर दोन्ही आवाज एकच वाटत होते. बाळ बोलायला लागण्याआधीच त्याच्या कानाने घरात काय उपयोगी पडतं ते पाहून बाकीचं सोडून द्यायला सुरुवात केलेली असते. त्याचा कान बधिर होत नाही. ध्वनी तसाच पोचतो, पण दोन ध्वनींमधली रेघ पुसली जाते.

उपनगरातल्या कुठल्याही इमारतीत हे ऐकता येतं. हिंदी बोलणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला ‘कमळ’ आणि ‘कमल’ यांतला फरक तोंडाने करता येत नाही, असं आपण समजतो; पुष्कळदा तो त्याला नीट ऐकूही येत नसतो. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती शेजाऱ्याला ‘ळ’ आणि ‘ण’ परके नाहीत, कारण ते त्याच्या भाषेत आहेत. पण ‘जगात राहा’ आणि ‘सुखाने जग’ यांतले दोन वेगळे ‘ज’ त्याच्या हातून निसटतात. त्याला ‘मराठी नीट शिकत नाही’ म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. आणि याची दुसरी बाजू मला फार मोलाची वाटते. बोरिवलीत घरी मराठी, जिन्यात गुजराती, रिक्षात हिंदी आणि पाळणाघरात कोकणी किंवा तुळू कानावर पडत वाढणाऱ्या बाळाच्या कानात पुष्कळ रेघा शाबूत राहू शकतात. अगदी लहानपणी एखादी भाषा कानावरून गेलेल्यांना ती पुढे बोलता आली नाही तरी तिचे ध्वनी वेगळे काढता येतात, असं त्याच संशोधकांना आढळलं होतं. इंग्रजी शाळेत जड जाईल म्हणून बाळाशी घरची भाषा न बोलणाऱ्या आईबापांपर्यंत हे पोचायला हवं.

डोळ्यालाही असं शिक्षण मिळतं, आणि ते मोठ्या वयातही मिळू शकतं. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवून त्यांच्या मेंदूची चित्रं आधी आणि नंतर घेतली गेली. तो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. बदल फक्त मेंदूच्या वरच्या थरात नव्हता. दिसलेलं पुढे पोचवणाऱ्या खोलवरच्या केंद्रांचे परस्परसंबंधही घट्ट झाले होते. तिशी ओलांडलेली बाई बाराखडी गिरवते, तेव्हा तिला नवं कौशल्य मिळतंच, शिवाय तिचं पाहणंही बदलतं. साक्षरता वर्गांना आकडेवारीतला एक रकाना मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

दिशांची गोष्ट मुंबईत तर फारच बघण्यासारखी आहे. बनारस हिंदू विद्यापीठाचे रमेश मिश्र आणि जिनिव्हाचे पिअर दासेन यांनी बनारसच्या आणि नेपाळच्या मुलांवर वर्षानुवर्षं काम केलं. वस्तू कुठे आहे हे ‘माझ्या उजवीकडे’ असं सांगायचं की ‘पूर्वेला’ असं, हे मुलं भोवतालातून शिकतात, आणि त्याप्रमाणे लक्षातही वेगळं ठेवतात. संस्कृत पाठशाळांतली मुलं, ज्यांचं संध्यावंदन आणि बसणं-उठणं दिशांशी बांधलेलं असतं, बंद खोलीतही पूर्व-पश्चिम धरून वस्तूंची मांडणी आठवतात. आपल्या खेड्यांतून ‘उगवतीचं शेत’, ‘मावळतीची विहीर’ असं बोलतात, तेही याच जातीचं.

उपनगरातला माणूस पत्ता सांगताना पहिला प्रश्न विचारतो, ‘ईस्ट की वेस्ट?’ ऐकायला तो खेड्यातल्या उगवती-मावळतीचा भाऊ वाटतो. पण इथली पूर्व सूर्य ठरवत नाही, रूळ ठरवतात. अंधेरी-बोरिवलीला रूळ जवळपास सरळ उत्तरेला जातात, म्हणून तिथे जमून जातं. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत ते ईशान्येकडे कललेले आहेत, त्यामुळे मुलुंडची ‘ईस्ट’ बरीचशी आग्नेयेला आहे, आणि तिथे जन्म काढलेल्या कुणालाही ते कधी खुपत नाही. अंतरही किलोमीटरमध्ये नसतं. ‘फास्टने वीस मिनिटं’ असतं. आणि जुने बोरिवलीकर, मुलुंडकर आजही फोर्टात काम असलं की ‘मुंबईला जाऊन येतो’ म्हणतात.

रुळांनी कोरलेला हा नकाशा मनात इतका पक्का होता, की सरळ रेषेत जवळ असलेली अंधेरी आणि घाटकोपर ही दोन वेगळ्या जगांतली गावं वाटत. एक वेस्टर्नचं, एक सेंट्रलचं. जायचं तर दादरला गाडी बदला, नाहीतर अंधेरी-कुर्ला रोडच्या ट्रॅफिकमध्ये बसा. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, ११.४ किलोमीटरची. तेव्हापासून शाळेत गेलेल्या मुलांना ही दोन ठिकाणं शेजारी वाटतात. आईवडिलांच्या आणि मुलांच्या डोक्यातलं शहर एका मार्गिकेने वेगळं झालं. लंडनच्या टॅक्सीचालकांच्या मेंदूत रस्ते पाठ करण्याशी जोडलेला भाग मोठा असल्याचं २००० साली दिसलं होतं, त्यामुळे हे नुसतं बोलण्यापुरतं असेल असं मला वाटत नाही.

इथवर सवयीचं भलं रूप पाहिलं. माणूस आपल्या भोवतालात नेमकं काय कामाचं ते निवडायला शिकतो. गाडीत गाढ झोपलेला प्रवासी स्वतःच्या स्टेशनच्या आधी बरोबर जागा होतो. झोपेतही मेंदू स्वतःचं नाव इतर नावांतून वेगळं काढतो, हे इयन ऑस्वल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० सालीच दाखवलं होतं. आता सवयीच्या दुसऱ्या बाजूकडे येतो, कारण उपनगरांचा खरा प्रश्न तिथे आहे.

वासापासून सुरुवात करू. आवडनावड संपूर्णपणे संस्कृतीची, ही समजूत २०२२ साली बरीच ढिली झाली. जंगलात, किनाऱ्यावर, शहरांत राहणाऱ्या निरनिराळ्या समाजांतल्या लोकांना तेच ते वास देऊन क्रम लावायला सांगितलं, तर व्हॅनिला सगळीकडे वर आणि घामट चीजसारखा वास सगळीकडे खाली. फरकाचा फक्त ६ टक्के वाटा संस्कृतीचा निघाला. बाकी वासाच्या रेणूचा आणि व्यक्तीव्यक्तीच्या पसंतीचा. मग वेसाव्याच्या कोळीवाड्यात बांबूंच्या मांडवांवर वाळणाऱ्या बोंबलांचा वास कोळणीला हवासा आणि पलीकडच्या टॉवरमधल्या रहिवाशाला असह्य का होतो? उत्तराचा एक भाग फिलाडेल्फियातल्या पामेला डाल्टन यांच्या १९९६ च्या प्रयोगात आहे. एकच वास काही जणांना ‘नैसर्गिक अर्क’ म्हणून दिला, काहींना ‘घातक रसायन’ म्हणून. पहिल्या गटाला तो वीस मिनिटांत कमी कमी जाणवू लागला. दुसऱ्याला उलट वाढत गेल्यासारखा वाटला. नाक एकाच वासाला सरावतं किंवा सरावत नाही, ते त्या वासाबद्दल आधी काय मानलं आहे त्यावर. कोळणीला त्या वासात माल किती वाळला हे कळतं, पाऊस येण्याआधी उचलायचा का ते कळतं. शेजाऱ्याने तो ‘घाण’ या खात्यात टाकलेला असतो, म्हणून त्याचं नाक कधीच थकत नाही. मुलुंड-घाटकोपरच्या सोसायट्यांत मासळीवरून होणारी भांडणं नाकाची असतात असं दोन्ही बाजूंना मनापासून वाटतं. ती त्या आधीच्या खात्याची असतात.

पण सराव फसवतोही. मुलुंडचं डम्पिंग ग्राउंड २०१८ मध्ये बंद होईपर्यंत त्याच्या कडेच्या वस्त्यांतली माणसं पाहुण्यांना सांगत, ‘आम्हाला आता वास येत नाही.’ खरंच येत नसणार. एखादा वास दोन आठवडे घरात राहिला तरी त्या वासापुरती नाकाची क्षमता घटते, हेही डाल्टन यांनीच दाखवलं आहे. पण कचऱ्यातून निघणारे वायू आणि कचरा पेटला की उठणारा धूर फुप्फुसात जायचे थांबत नाहीत. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचं डम्पिंग ग्राउंड पेटलं, तेव्हा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. एरवीचा, रोजचा, थोडा थोडा धूर दिसत नाही. हिवाळ्यातल्या सकाळी अंधेरी फ्लायओव्हरवरून दिसणाऱ्या करड्या पडद्याला आपण कौतुकाने ‘धुकं’ म्हणतो.

आवाजाबाबत भारतातला एक अभ्यास मला अतिशय महत्त्वाचा वाटतो. प्रयागच्या माघ मेळ्यात महिनाभर राहणाऱ्या कल्पवासींवर अलाहाबादच्या आणि ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञांनी मिळून काम केलं. ते २०१३ साली प्रसिद्ध झालं. मेळ्यात रात्रंदिवस भोंगे असतात, तरी कल्पवासी त्या गोंगाटाला शांत करणारा म्हणतात. संशोधकांनी एक संदिग्ध ध्वनिमुद्रण तयार केलं. ते मेळ्यातलं आहे असं सांगितल्यावर लोकांनी ते जास्त वेळ ऐकलं आणि त्याबद्दल बरं बोलले; शहरातल्या रस्त्याचं आहे म्हटल्यावर तेच नकोसं झालं. गणपतीतला ढोल-ताशा मंडळाच्या कार्यकर्त्याला आणि समोरच्या घरात आजारी माणूस सांभाळणाऱ्या बाईला एकच ऐकू येत असेल, हे म्हणूनच शक्य नाही. दोघंही खरं सांगत असतात. आवाज मोजायला लागलं की त्यांचा वाद संपेल असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

तरीही मोजायलाच हवं. कारण आवडता आवाजही कानाच्या आतल्या केसपेशींना तितकाच लागतो, आणि माणसात त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. सुमेरा अब्दुलअली यांच्या ‘आवाज फाउंडेशन’ने मुंबईत वर्षानुवर्षं मोजणी करून ती किती ओलांडली जाते ते मांडलं. आणि घाटकोपर-कुर्ल्यावरून विमानं उतरतात, त्या घरांसाठी युरोपातला २००८ सालचा एक अभ्यास वाचण्यासारखा आहे. चार विमानतळांजवळ राहणाऱ्या १४० जणांचा रक्तदाब रात्रभर मोजला. विमान गेलं की रक्तदाब वर जायचा, झोपलेला माणूस जागा झाला नाही तरीही. सकाळी त्याला विचारलं तर तो म्हणेल, शांत झोप लागली. त्याच्या जाणिवेला सवय झाली होती, रक्तवाहिन्यांना नाही.

गर्दीचा अभ्यास तर पुण्यातच झाला आहे. पुणे विद्यापीठाचे एम. एन. पळसणे आणि अमेरिकेचे गॅरी इव्हान्स यांनी दाटीवाटीच्या घरांत राहणाऱ्या कुटुंबप्रमुखांशी बोलून १९८९ साली निष्कर्ष मांडला. ‘भारतीयांना गर्दीची सवयच असते’ हे तेव्हा पाश्चात्त्य संशोधकांतही चालत आलेलं मत होतं. आकडे वेगळं सांगत होते. घरात माणसं जितकी दाट, तितका मानसिक ताण जास्त, आणि त्याचं कारण असं, की दाटीत राहणारा माणूस हळूहळू घरच्यांपासूनच आतून दूर सरकतो. ज्यांचा आधार वाटायचा त्यांच्याशी बोलणं कमी होतं. १९९८ मध्ये याच गटाने, त्यात बी. आर. शेजवळही होते, दहा ते बारा वर्षांच्या मुलांकडे पाहिलं. दाटीच्या घरांतल्या मुलांचा अभ्यास मागे पडत होता, शाळेत वागणं बिघडत होतं, मुलग्यांचा रक्तदाब वाढलेला होता. ही मुलं दाटीतच वाढत होती.  सवय व्हायची असती, तर त्यांना झाली असती.

लोकलमध्ये एका चौरस मीटरमध्ये चौदा-सोळा माणसं उभी राहतात, आणि रेल्वेने त्यासाठी ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असा शब्द घडवला आहे. बोरिवलीला विरार गाडीतून उतरायची विद्या, दारातल्या खांबाला धरून एका पायावर तोल सांभाळायची विद्या, हे खरंच शरीराचं मोठं शिक्षण आहे, आणि मला त्याचं कौतुक आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या जवळून गेल्या आणि दारात लटकलेली माणसं खाली पडली. तीही रोजची, शिकलेली माणसं होती.

सवय आणि धोका यांची शेवटची गोष्ट बिबट्याची. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान (एसजीएनपी) साधारण १०४ चौरस किलोमीटरचं. एका बाजूला बोरिवली, दुसऱ्या बाजूला मुलुंड, दक्षिणेला आरे. २०१५ च्या कॅमेरा गणनेत या परिसरात ३५ बिबटे मिळाले, २०१८ मध्ये ४७. इतक्या मोठ्या शहराच्या कुशीत एवढी संख्या जगात क्वचितच सापडेल. इथल्या पाड्यांवर वारली कुटुंबं राहतात, पाड्यांना लागून इमारती आहेत. बिबटे तेच, अंधार तोच. पण पाड्यावरच्या म्हाताऱ्याला अंधारात जे दिसतं-ऐकू येतं ते इमारतीतल्या माणसाला येत नाही. कुत्री एकदम गप्प झाली तर त्याचा एक अर्थ, एकाच दिशेला तोंड करून भुंकत राहिली तर दुसरा. चितळाचा इशारा, वानराचं खेकसणं, वाटेवरचा ओला पंजा, झाडाच्या बुंध्यावरच्या नखांच्या रेघा. आठव्या मजल्यावरून हेच जंगल एक सलग हिरवा पट्टा असतं. रिव्हर्सनी १८९८ साली बेटावर जे टिपलं तेच इथे आहे: डोळे सारखे, पाहण्याची तालीम वेगळी.

या तालमीला वारल्यांकडे देवाचं रूप आहे. वाघोबा. लाकडाच्या फळीवर किंवा दगडावर कोरलेला, शेंदूर फासलेला. वन्यजीव अभ्यासक रम्या नायर, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत फिरून वाघोबाच्या ठाण्यांची नोंद केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अशी दीडशे ठाणी आहेत. दिवाळीच्या तोंडावर वाघबारसेला वाघोबाची मोठी पूजा होते, कोंबडं-बकरं दिलं जातं. त्यामागची कथा एका आईची: तिचा मुलगा वाघ होऊन गुरं मारू लागला, गाव चिडलं, तेव्हा तिने तोडगा काढला, मुलाने रानात राहावं आणि गावाने वर्षातून एकदा त्याचा मान द्यावा. हा करार आहे, भाबडा विश्वास नाही. वारल्यांना बिबट्या गुरं नेतो, माणूसही नेऊ शकतो, हे पक्कं माहीत आहे. फक्त तो दिसला म्हणजे घुसखोर शिरला, असं त्यांना वाटत नाही.

इमारतींना तसं वाटत होतं. २००२ ते २००४ मध्ये हल्ले एकाएकी वाढले, तेव्हा ‘पकडा आणि दूर सोडा’ ही मागणी जोरात होती, आणि पिंजरे लागत होते. जुन्नर भागात विद्या अत्रेय यांनी दाखवून दिलं, की पकडून दुसरीकडे सोडलेल्या बिबट्यांमुळे हल्ले कमी होण्याऐवजी वाढतात. २०११ मध्ये वन विभागाने अभ्यासक आणि नागरिक यांना घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. सोसायट्यांत, पाड्यांवर, शाळांत बोलणी झाली, पत्रकारांच्या कार्यशाळा झाल्या. वर्तमानपत्रांनी बिबट्याला आधी कसं रंगवलं होतं, याचा अभ्यासही झाला: बहुतेकदा आक्रमक म्हणून. हळूहळू काही सोसायट्यांत भाषा बदलली. कचरा उघडा टाकायचा नाही, म्हणजे कुत्री जमणार नाहीत. दिसला तर घेराव घालायचा नाही. संध्याकाळनंतर लहान मुलं एकटी सोडायची नाहीत, अंधारात बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून चालायचं. मोठ्या वयाची माणसं, पाहण्याची पूर्वीची सवय मोडून, नव्याने पाहायला शिकली. या सगळ्या आढाव्यात मला सर्वांत आशा वाटते ती या गोष्टीबद्दल.

पण ऑक्टोबर २०२२ मध्ये, ऐन दिवाळीत, आरेमध्ये बिबट्याच्या हल्ल्यात एक तान्ही मुलगी गेली. त्याआधी २०२१ मध्येही तिथे हल्ले झाले होते. धोका सर्वांत जास्त कुणाला असतो हे वन विभागाला आणि अभ्यासकांना चांगलं ठाऊक आहे: अंगणात खेळणाऱ्या लहान मुलांना, आणि अंधारात उघड्यावर शौचाला बसलेल्या माणसाला, कारण बसलेला माणूस बिबट्याला माणसाच्या उंचीचा वाटत नाही. म्हणजे त्याच वारली पाड्यांना, ज्यांना बिबट्या सर्वांत चांगला कळतो. त्यांना रान वाचता येतं म्हणून त्यांच्या वाटेवर दिवा लावायचं राहून जातं. त्यांची वाघोबावर श्रद्धा आहे, ते पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत, त्यांना सवय आहे, असं अनेक बैठकांतून म्हटलं जातं. पाड्यांवर घराजवळ संडास, वाटेवर उजेड, दारात नळ आणि कचऱ्याची गाडी हवी आहे. पलीकडच्या इमारतीत या चारही गोष्टी पहिल्या दिवसापासून आहेत.